कार्पच्या सीरममधील आणि श्लेष्मातील लायसोझाइम : प्रकल्प नोंदी

८ जून

प्रकल्पाचा विषय आज निश्चित झाला आणि त्याची व्याप्तीही आखून घेतली. माशांच्या उपजत प्रतिकारव्यवस्थेत जिवाणूंवर हल्ला करणारी जी विकरे (एन्झाइम) आहेत, त्यांपैकी लायसोझाइम या एकाच विकरावर मुख्य काम करायचे, मासा कार्प घ्यायचा आणि नमुने रक्तातून व त्वचेवरील श्लेष्मातून असे दोन्ही ठिकाणांहून घ्यायचे. सुरुवातीची यादी यापेक्षा बरीच लांब होती. तिच्यात कॅथेप्सिन, कायटिनेज, श्लेष्मातील ट्रिप्सिनसदृश प्रोटिएज, अल्कलाइन फॉस्फेटेज, एल-अमिनो आम्ल ऑक्सिडेज आणि पेप्टिडोग्लायकन ओळखणारी प्रथिने एवढे सगळे होते. यांतील प्रत्येकाला वेगळी चाचणी, वेगळा बफर आणि वेगळे नियंत्रण लागते. एकाच हंगामात ते सगळे मोजले, तर कशाविषयीच खात्रीने काही लिहिता येणार नाही.

मासेच का, याचे उत्तर प्रस्तावात थोडक्यात दिले आहे. येथे ते जरा सविस्तर नोंदवतो. माशाची त्वचा आणि कल्ले सतत पाण्यात असतात आणि त्या पाण्यात जिवाणू असतातच. सस्तन प्राण्यांच्या त्वचेवर मृत पेशींचा जो कोरडा थर असतो, तसा थर बहुतेक माशांना नसतो. त्यांच्या बाह्यत्वचेतील पेशी जिवंत असतात आणि त्यांच्यावर फक्त श्लेष्माचे आवरण असते. माशांना प्रतिपिंडे आहेत, त्यांतील मुख्य प्रतिपिंड आयजीएम चार एककांचे असते. परंतु ती पुरेशा प्रमाणात तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि पाणी थंड असेल तर त्याहूनही अधिक वेळ जातो, कारण माशाच्या शरीराचे तापमान पाण्याप्रमाणे बदलते. तोवर सगळा भार उपजत व्यवस्थेवर, म्हणजे पूरक प्रथिने (जिवाणूच्या पटलाला छिद्रे पाडणारी रक्तातील प्रथिने), प्रतिजैविक पेप्टाइडे, भक्षक पेशी आणि ही विकरे यांच्यावर असतो.

मोजायला सोपे म्हणून लायसोझाइम निवडले, असा आक्षेप कोणी घेईल. तो काही अंशी खरा आहे. माशांच्या प्रतिकारशक्तीवरील शोधनिबंधांत लायसोझाइमचा आकडा जवळजवळ नेमाने येतो, तो याच सोयीमुळे. हा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हेच आम्हाला तपासायचे आहे.

११ जून

आजचा दिवस वाचनात गेला. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली नाकातील स्राव, अश्रू आणि अंड्यातील पांढरा बलक यांत जिवाणू विरघळवणारा जो घटक असल्याचे प्रसिद्ध केले, तो हाच. पेनिसिलिनच्या काही वर्षे आधीचे हे काम आहे. १९६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइमची त्रिमितीय रचना क्ष-किरण स्फटिकशास्त्राने उलगडली. अशी रचना कळलेले हे पहिलेच विकर होय. त्यात १२९ अमिनो आम्ले आहेत, रेणुभार सुमारे १४.३ किलोडाल्टन आहे आणि चार डायसल्फाइड बंधांमुळे रेणू घट्ट बांधलेला आहे.

त्याचे काम एका वाक्यात सांगता येते. जिवाणूची पेशीभित्तिका पेप्टिडोग्लायकनची असते. तिच्यात एन-ॲसिटिल म्युरामिक आम्ल आणि एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन या दोन शर्करा एकाआड एक जोडलेल्या असतात आणि त्यांच्यामधला बीटा-१,४ बंध लायसोझाइम पाण्याच्या रेणूच्या साहाय्याने तोडते. पुरेसे बंध तुटले की भित्तिका आतील दाब पेलू शकत नाही, पेशीत पाणी शिरते आणि ती फुटते. कोंबडीच्या विकरात ३५व्या स्थानावरील ग्लुटामिक आम्ल आणि ५२व्या स्थानावरील ॲस्पार्टिक आम्ल ही दोन हे काम करतात.

माशांकडे वळले की प्रकरण रंगते. प्राण्यांत लायसोझाइमचे तीन मुख्य प्रकार मानले जातात : कोंबडीच्या विकरासारखे सी, हंसाच्या विकरासारखे जी आणि अपृष्ठवंशीय प्राण्यांतील आय. माशांत सी आणि जी असे दोन्ही आढळतात. कार्पमध्येही दोन्हींची जनुके वर्णिलेली आहेत. एकच बंध तोडणारी ही दोन विकरे आपापल्या पद्धतीने तो तोडतात. हंसाच्या विकरात १८५ अमिनो आम्ले असतात, उत्प्रेरक ग्लुटामिक आम्ल ७३व्या स्थानावर असते आणि बंध तुटल्यावर शर्करेच्या टोकाची दिशा उलटते. सी प्रकारात ती उलटत नाही. माशांच्या जी प्रकारात आणखी एक वैशिष्ट्य दिसते. हंसाच्या विकरातील डायसल्फाइड बंध अनेक माशांत नाहीतच. अटलांटिक सॅमनचे जी लायसोझाइम तापवले असता त्याची घडी लवकर उलगडते, पण थंड केल्यावर रेणू स्वतःहून पुन्हा घडी घालतो आणि ९० अंश सेल्सियसला बराच वेळ ठेवूनही त्याची काही क्रियाशीलता परत येते. म्हणजे नमुना उकळून घेतला की विकर नाहीसे झाले, असे माशांच्या बाबतीत धरून चालता येणार नाही. उकळलेला नमुना ऋण नियंत्रण म्हणून वापरण्याचा बेत आम्ही याच कारणाने रद्द केला.

रेनबो ट्राउटचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तिच्या मूत्रपिंडातून दोन सी लायसोझाइमे वेगळी केलेली आहेत आणि दोन्हींत १२९ अमिनो आम्ले आहेत. फरक फक्त ८६व्या स्थानावर आहे : पहिल्यात ॲस्पार्टिक आम्ल, दुसऱ्यात ॲलानिन. एवढ्याशा फरकाने दुसऱ्या विकराची जिवाणूनाशक क्षमता पहिल्याहून कितीतरी जास्त आहे आणि ते एरोमोनास साल्मोनिसिडासारख्या ग्रॅम निगेटिव्ह, म्हणजे पातळ भित्तिकेवर आणखी एक बाह्य पटल असलेल्या, रोगकारकांवरही परिणाम करते. आमच्या चाचणीत अशी दोन विकरे एकाच आकड्यात मिसळून येतील, हे आत्ताच लक्षात ठेवले पाहिजे.

१७ जून

चाचणीची कार्यपद्धती ठरली. गढूळपणा मोजण्याची जुनी आणि सर्वत्र चालणारी पद्धत घेतली आहे : मायक्रोकॉकस लायसोडाइक्टिकसची वाळवलेली भुकटी, जिला आता मायक्रोकॉकस ल्युटियस म्हणतात, ०.०५ मोलर फॉस्फेट बफरमध्ये प्रति मिलिलिटर ०.२ मिलिग्रॅम या प्रमाणात मिसळायची, त्यात नमुना घालायचा आणि ४५० नॅनोमीटरला ॲबसॉर्बन्स (द्रवात अडलेल्या प्रकाशाचे माप) किती वेगाने उतरतो ते पाहायचे. मिनिटाला ०.००१ इतकी घट करणारे विकर म्हणजे एक एकक. खरे पाहता येथे प्रकाश शोषला जात नाही, तो अखंड पेशींमुळे विखुरतो; पेशी फुटल्या की विखुरणे कमी होते आणि यंत्राला द्रव स्वच्छ होत असल्याचे कळते.

आज अंड्याच्या विकरावर पद्धत चालवून पाहिली. भुकटी फिकट पिवळी असते आणि बफरमध्ये टाकल्यावर तिच्या बारीक गुठळ्या होतात. नळी नीट घुसळून काही मिनिटे तशीच ठेवली नाही तर या गुठळ्या प्रकाशमार्गातून खाली बसताना ॲबसॉर्बन्स आपोआप उतरतो आणि विकर नसलेल्या नळीतही क्रियाशीलता असल्यासारखे दिसते. नीट मिसळलेला द्रव दुधट असतो, क्युव्हेटमागे धरलेल्या कागदावरची अक्षरे त्यातून पुसट दिसतात. विकराचे द्रावण घातले की काही मिनिटांत तीच अक्षरे स्पष्ट वाचता येतात. विद्यार्थ्यांना विकराचे काम दाखवायला याहून चांगला प्रयोग मला ठाऊक नाही.

बफरच्या पीएचवर बरीच चर्चा झाली. ६.२ हा पीएच रूढ आहे. तो माशाच्या रक्ताचा नाही आणि तलावातल्या पाण्याचाही असेलच असे नाही. शिवाय लायसोझाइमला कोणता पीएच सर्वाधिक मानवतो हे बफरमधील क्षारांच्या प्रमाणावरही अवलंबून असते, कारण विकरावर धन भार असतो, जिवाणूच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो आणि क्षार वाढले की त्या दोघांमधील आकर्षण झाकले जाते. कार्पच्या विकराला कोणती स्थिती सोयीची आहे, हे गृहीत न धरता आधी पीएचची आणि मग मिठाची एक मालिका करून पाहायची, असे ठरले. यात वेळ जाईल, पण ज्यांनी अंड्याच्या विकराची स्थिती डोळे मिटून माशाला लावली, त्यांचे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत, हे त्यातूनच समजेल.

१९ जून

प्रमाण-वक्र, म्हणजे अंड्याच्या विकराच्या माहीत प्रमाणांना किती वेग येतो याचा आलेख, तयार झाला. अहवालात निष्कर्ष ‘अंड्याच्या लायसोझाइमचे इतके मायक्रोग्रॅम’ या रूपात न लिहिता थेट एककांत लिहायचे ठरले. माशाच्या विकराची प्रति मिलिग्रॅम क्रियाशीलता अंड्याच्या विकराइतकीच असते असे मानायला आधार नाही. मायक्रोग्रॅम लिहिले की वाचकाला विकराचे वस्तुमान मोजल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात आपण फक्त वेग मोजलेला असतो.

२४ जून

प्राणी-नीतिमत्ता समितीची परवानगी आधीच आली होती. आज रक्ताचे पहिले नमुने घेतले.

यातली खरी अडचण सुई टोचण्याची नाही, जाळे टाकण्याची आहे. तीव्र ताण आला की प्लाझ्मातील, म्हणजे रक्तातील पेशी वगळून उरणाऱ्या द्रवातील, लायसोझाइम काही मिनिटांत वर जाते, हे ट्राउटवरील प्रयोगांत दिसलेले आहे. ताण दीर्घकाळ राहिला तर उलट ते घटते. म्हणून टाकीतून एकामागून एक मासे पकडत बसलो, तर शेवटच्या माशाचा आकडा पहिल्याहून वेगळा येईल आणि त्या फरकाचा संबंध प्रयोगाशी काहीच नसेल. आम्ही एका टाकीतील सर्व मासे एकदम भुलीच्या पाण्यात घेतले आणि प्रत्येकाबाबत जाळ्यापासून सुईपर्यंतचा वेळ नोंदवला. भुलीसाठी ट्रायकेन वापरले. ट्रायकेनने पाणी आम्लधर्मी होते आणि तेही माशाला ताण देते, म्हणून त्यात सोडियम बायकार्बोनेट घालून पीएच आधी सारखा करून घेतला.

रक्त शेपटीच्या देठातील शिरेतून घेतले. ते साकळू देऊन वर सुटणारा द्रव, म्हणजे सीरम, काढायचे की साकळणे थांबवणारे हेपारिन घालून प्लाझ्मा काढायचा, यावर दोन मते होती. लायसोझाइम मुख्यतः न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट-मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींत असते. रक्त गोठताना यांपैकी काही पेशी फुटतात आणि त्यांच्यातील विकर सीरममध्ये मिसळते, त्यामुळे सीरममधील आकडा वाहत्या रक्तातील स्थितीपेक्षा जास्त येण्याची शक्यता राहते. शेवटी प्रत्येक माशाचे दोन्ही नमुने घेतले. सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर काही नळ्यांतील सीरम गुलाबी झाले होते. तांबड्या पेशी फुटल्या की हिमोग्लोबिन बाहेर येते आणि त्याचा प्रकाश शोषण्याचा मोठा पट्टा ४५० नॅनोमीटरच्या अगदी शेजारी आहे. असे नमुने वेगळ्या डब्यात ठेवले. त्यांचे मापन होईल, पण मुख्य तक्त्यात ते येणार नाहीत.

२६ जून

सीरमची मापने झाली. वक्र पहिली काही मिनिटे सरळ उतरतो आणि मग सपाट होत जातो, म्हणून वेग फक्त सुरुवातीच्या सरळ भागावरून काढायचा. प्लाझ्मापेक्षा सीरमचा वेग अपेक्षेप्रमाणे जास्त आला, पण सगळ्या माशांत सारखा नाही. यामागे गोठण्याच्या वेळेतील फरक असावा असा अंदाज आहे. यापुढे गोठण्याचा वेळ आणि तापमान ठरावीक ठेवू.

सीरममध्ये लायसोझाइम एकटे नसते, हा दुसरा प्रश्न. पूरक प्रथिनेही जिवाणू फोडतात. सस्तन प्राण्यांच्या सीरममध्ये ती निष्क्रिय करायला ५६ अंश सेल्सियसला अर्धा तास ठेवण्याची प्रथा आहे. माशांची पूरक प्रथिने उष्णतेला त्याहून नाजूक असतात आणि सुमारे ४५ अंशांनाच निकामी होतात. तेव्हा ४५ अंशांना ठेवलेला आणि न ठेवलेला असा प्रत्येक सीरमचा जोड मोजला. मायक्रोकॉकसवर दोघांच्या वेगात लक्षणीय फरक दिसला नाही. हे समजण्यासारखे आहे, कारण ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूची जाड भित्तिका पूरक प्रथिनांच्या छिद्र पाडणाऱ्या संकुलाला पटलापर्यंत पोहोचू देत नाही.

३ जुलै

श्लेष्म. या कामाला वाटले होते त्याहून बराच अधिक वेळ लागणार, हे आज स्पष्ट झाले.

श्लेष्म गोळा करण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत आणि प्रत्येकीतून वेगळाच पदार्थ हाती येतो. पात्याच्या बोथट बाजूने खरवडले तर भरपूर मिळतो, पण त्याबरोबर बाह्यत्वचेच्या पेशी आणि कधी रक्तही येते. मग जे मोजतो ते श्लेष्मातील विकर की फुटलेल्या पेशींतील, हे सांगता येत नाही. शोषक कापसाने टिपला तर पेशी कमी येतात, पण कापसातून पिळताना धन भाराचे विकर कापसालाच चिकटण्याची शक्यता असते. तिसऱ्या पद्धतीत भूल दिलेला मासा सौम्य मिठाच्या पाण्यासह प्लास्टिकच्या पिशवीत थोडा वेळ हलकेच हलवतात आणि ते पाणी गोळा करतात. यात नमुना सर्वांत पातळ असतो, पण सर्वांत स्वच्छही असतो. आम्ही पिशवीची पद्धत घेतली. पाण्यात श्लेष्माचे धागे तरंगत होते; पिपेटच्या टोकाशी ते लोंबकळत आणि मोजून उचललेला द्रव प्रत्यक्षात किती आला याचा भरवसा राहत नसे. थंड सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर तळाशी पारदर्शक जेलीसारखा थर बसला आणि वरचा द्रव नीट उचलता आला.

पातळ नमुन्याचा आकडा प्रति मिलिलिटर देण्यात अर्थ नसतो, म्हणून तो प्रति मिलिग्रॅम प्रथिन दिला जातो. प्रथिनाचे मापन १९७६ साली मॅरियन ब्रॅडफर्ड यांनी दिलेल्या रंगद्रव्याच्या पद्धतीने केले. पण येथेच एक खाच आहे, आणि श्लेष्मावरील कितीतरी निष्कर्ष त्या खाचेत अडखळले असावेत असे मला वाटते. माशाला हाताळले की चषकपेशी श्लेष्म मोकळा करतात. त्या श्लेष्मात म्युसिन हे शर्करायुक्त प्रथिन भरपूर असते आणि शर्करांनी मढलेल्या म्युसिनला ब्रॅडफर्डचा रंग नीट धरत नाही. छेद असा हलता असल्यावर, विकर तेवढेच राहूनही गुणोत्तर वरखाली होऊ शकते. म्हणून प्रत्येक नमुन्यासाठी एकूण एकके, एकूण प्रथिन आणि माशाच्या त्वचेचे अंदाजे क्षेत्रफळ असे तिन्ही स्तंभ ठेवले आहेत. अहवालात गुणोत्तर एकटे कधीही येणार नाही.

९ जुलै

ॲगारोजच्या तबकडीवरील चाचणी लावली. मायक्रोकॉकस मिसळलेल्या ॲगारोजमध्ये छिद्रे पाडून त्यांत नमुने सोडले. रात्रभरात छिद्राभोवती पारदर्शक वर्तुळे उमटली. वर्तुळाचा व्यास विकराच्या प्रमाणाच्या लॉगरिदमशी जुळतो, त्यामुळे बारीक फरक या पद्धतीत दडून जातात. मात्र गढूळ किंवा गुलाबी नमुन्यांसाठी ती उपयोगी आहे. सीरमच्या वर्तुळांची कड धारदार आली, श्लेष्माच्या वर्तुळांची अस्पष्ट.

१५ जुलै

आज मूळ प्रश्नाला हात घातला. मायक्रोकॉकस हा माशांचा रोगकारक नव्हे. तो चाचणीत आहे तो लायसोझाइमपुढे लगेच नमतो म्हणून. गोड्या पाण्यातील माशांना ज्यांचा खरा त्रास होतो ते एरोमोनास हायड्रोफिला, फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेर, यर्सिनिया रुकेरी हे जिवाणू ग्रॅम निगेटिव्ह आहेत. त्यांचे पेप्टिडोग्लायकन पातळ असते, पण त्यावर लायपोपॉलिसॅकराइडचे बाह्य पटल असते आणि लायसोझाइमचा रेणू त्यातून सहज आत जात नाही. एरोमोनास हायड्रोफिलाच्या वाढत्या संवर्धात कार्पचे तापवलेले सीरम घातले तेव्हा वाढ थोडीच मंदावली. न तापवलेले सीरम घातले तेव्हा जिवंत जिवाणूंची संख्या ठळकपणे उतरली.

मायक्रोकॉकसवर ज्या सीरमांचा वेग जवळजवळ सारखा होता, तीच येथे अगदी वेगळी वागली. याचा सरळ अर्थ असा लावता येतो की पूरक प्रथिने आधी बाह्य पटलाला छिद्रे पाडतात आणि मग लायसोझाइमला आतील भित्तिकेपर्यंत वाट मिळते. पण एवढ्यावरून लायसोझाइमचे श्रेय सिद्ध होत नाही. पूरक प्रथिने आतील पटल फोडून एकटीही जिवाणू मारू शकतात. ते वेगळे करायचे तर सीरममधून लायसोझाइम काढून टाकून उरलेल्या भागाची क्षमता पाहावी लागेल. इडीटीए घालून पूरक प्रथिने थांबवण्याचा मार्ग कोणी सुचवला. परंतु इडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते आणि हेच आयन ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूच्या बाह्य पटलाला बांधून ठेवत असतात. एकीकडे आपण पूरक प्रथिने बंद करू आणि दुसरीकडे नकळत जिवाणूचे दार उघडून देऊ. मायक्रोकॉकससाठी तो मार्ग चालेल, एरोमोनाससाठी नाही.

ग्रॅम पॉझिटिव्ह म्हणजे लायसोझाइमला बळी पडणारा आणि ग्रॅम निगेटिव्ह म्हणजे सुरक्षित, ही पाठ्यपुस्तकातील विभागणीही माशांत सरसकट लागू होत नाही. कोहो सॅमनच्या अंड्यांतून शुद्ध केलेल्या लायसोझाइमने एरोमोनास हायड्रोफिला आणि एरोमोनास साल्मोनिसिडा या दोन ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंना मारले, तर मूत्रपिंडाचा रोग करणारा रेनिबॅक्टेरियम साल्मोनिनारम हा ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणू मात्र त्यातून वाचला. हा जिवाणू मादीकडून अंड्यातून पिल्लात जातो, हे लक्षात घेतले तर त्याचे वाचणे समजण्यासारखे आहे.

जिवाणूंकडेही उपाय आहेत. काही जिवाणू म्युरामिक आम्लावर ॲसिटिल गट चढवतात; स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये हे काम ओटए नावाचे प्रथिन करते. इतर काही लायसोझाइमला अडवणारी प्रथिने बनवतात. ई. कोलायमधील आयव्ही हे असे प्रथिन २००१ मध्ये वर्णिले गेले आणि त्यानंतर सी, जी आणि आय या तिन्ही प्रकारांना रोखणारी वेगवेगळी प्रथिने सापडली. त्यांतील आय प्रकाराला रोखणारे प्रथिन तर एरोमोनास हायड्रोफिलामध्येच मिळाले. प्रत्येक प्रकाराच्या लायसोझाइमसाठी जिवाणूंनी स्वतंत्र कुलूप तयार ठेवावे, यावरूनच हे विकर त्यांना किती जाचत असेल ते दिसते.

लायसोझाइम बंध न तोडताही जिवाणू मारू शकते, हीदेखील नोंद हवी. अंड्याच्या विकरातील ५२व्या स्थानावरचे उत्प्रेरक आम्ल बदलून त्याची क्रिया बंद पाडली, तरी त्याची जिवाणूनाशक क्षमता टिकून राहिली. धन भाराचा रेणू पटलाला चिकटून ते बिघडवतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. म्हणजे गढूळपणाच्या चाचणीत शून्य ठरलेला रेणूही माशाच्या उपयोगी पडत असेल.

२२ जुलै

वाचनातील एक नोंद. अटलांटिक कॉडच्या सीरममध्ये मायक्रोकॉकसच्या चाचणीने लायसोझाइमची क्रियाशीलता सापडत नाही, पण त्याच्या जनुकसंचात जी लायसोझाइमची जनुके आहेत. २०११ साली कॉडचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात एमएचसी वर्ग दोनची (परक्या प्रथिनांचे तुकडे पेशीवर मांडून दाखवणाऱ्या प्रथिनांची) आणि सीडी४ची (ते तुकडे ओळखणाऱ्या मदतनीस टी पेशींवरील प्रथिनाची) कार्यक्षम जनुकेच नसल्याचे दिसले. प्रतिपिंडांच्या नेहमीच्या प्रतिसादाला ही दोन्ही आवश्यक मानली जातात. एवढे सगळे नसूनही कॉड समुद्रात व्यवस्थित टिकून आहे. प्रतिकारशक्तीचा निर्देशांक म्हणून सीरमच्या लायसोझाइमकडे बोट दाखवणाऱ्याने कॉडचे उत्तर आधी द्यावे.

२९ जुलै

श्लेष्मातून येणारी स्वच्छता खरोखर लायसोझाइमचीच आहे का, याची तपासणी. एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइनच्या तीन एककांची साखळी सी लायसोझाइमच्या खाचेत बसते पण तुटायला फार वेळ घेते, म्हणून ती निरोधक म्हणून वापरता येते. ती घातल्यावर सीरमचा वेग बराच उतरला, श्लेष्माचा त्या मानाने कमी. तेव्हा श्लेष्मात दुसरे काही काम करत असण्याची शक्यता धरावी लागते. पहिला संशय जी प्रकारावर आहे. दुसरा पेप्टिडोग्लायकन ओळखणाऱ्या प्रथिनांवर. झेब्राफिशमध्ये यांपैकी काही प्रथिने अमिडेजचे काम करतात, म्हणजे शर्करांची साखळी न तोडता म्युरामिक आम्लाला जोडलेली पेप्टाइडची कडी तोडतात, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामानुसार पिल्लांच्या अगदी सुरुवातीच्या संरक्षणासाठी ती आवश्यक ठरतात.

हे वेगळे करायला जेलमध्येच मायक्रोकॉकस मिसळून झायमोग्राम करायचे ठरले. प्रथिने आकारानुसार वेगळी होतील, मग डिटर्जंट धुऊन टाकल्यावर ज्या जागी विकर पुन्हा घडी घालेल तेथे गढूळ जेल पारदर्शक होईल. सी प्रकार चौदा किलोडाल्टनच्या आसपास आणि जी प्रकार वीसच्या आसपास दिसावा.

एरोमोनासच्या तबकडीवर श्लेष्माने जी अंधुक वर्तुळे दिली, त्यांच्यासाठी कॅटालेजचे नियंत्रण जोडले आहे. कारण असे की सेबास्टेस श्लेगेली या रॉकफिशच्या त्वचेच्या श्लेष्मात एल-अमिनो आम्ल ऑक्सिडेज सापडले आहे. ते लायसिन या अमिनो आम्लाचे ऑक्सिडीकरण करते आणि त्यातून निघणारे हायड्रोजन पेरॉक्साइड जिवाणूंना मारते. भित्तिकेला हातही न लावता जिवाणू मारणारे हे विकर मला या सगळ्यांत सर्वांत कल्पक वाटते. कॅटालेज पेरॉक्साइड मोडते, म्हणून ते घातल्यावर वर्तुळे नाहीशी झाली तर या विकराचा माग घेता येईल. कार्पमध्ये ते मिळेलच असे नाही.

५ ऑगस्ट

झायमोग्राम आला. सीरमच्या पट्टीत चौदाच्या जवळ एक ठळक स्वच्छ रेघ आहे. श्लेष्माच्या पट्टीत ती आहेच, शिवाय विसाच्या जवळ दुसरी, फिकट पण प्रत्येक नमुन्यात दिसणारी रेघ आहे. निरोधकाने श्लेष्माचा वेग कमी का उतरला होता, याच्याशी हे जुळते. तरीही आकारावरून प्रकार ठरवणे पुरेसे नाही. त्या रेघेतील प्रथिनाचे तुकडे मास स्पेक्ट्रोमेट्रीला (तुकड्यांचे वस्तुमान मोजून प्रथिन ओळखण्याच्या तपासणीला) पाठवले आहेत. कॅटालेजने तबकडीवरील वर्तुळांत काही फरक पडला नाही, त्यामुळे ऑक्सिडेजचा धागा येथेच सोडतो.

पीएच आणि मिठाची मालिकाही पूर्ण झाली. सीरमला आणि श्लेष्माला सर्वाधिक मानवणारा पीएच एकच निघाला नाही. दोन वेगवेगळ्या प्रकारांचे मिश्रण असेल तर असे होणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच एकाच बफरमध्ये मोजलेल्या सीरमच्या व श्लेष्माच्या आकड्यांची शेजारी शेजारी तुलना अहवालात करायची नाही.

१२ ऑगस्ट

दुसऱ्या टप्प्याचा आराखडा ठरला. खाद्यात यीस्टचे बीटा-ग्लुकान घालून लायसोझाइम वाढते का, हे पाहण्याचा मूळ बेत कायम आहे. अशी वाढ अनेक माशांत नोंदली गेली आहे. मात्र सीरमचा एकच आकडा घेऊन ‘प्रतिकारशक्ती वाढली’ असे लिहायचे नाही, हे सर्वांनी मान्य केले. प्रत्येक माशासाठी मायक्रोकॉकसवरील वेग, एरोमोनासवरील जिवाणूनाशक क्षमता तापवलेल्या व न तापवलेल्या सीरमसह, श्लेष्माचा झायमोग्राम, आणि पांढऱ्या पेशींची संख्या एवढे एकत्र नोंदवायचे. पेशींची संख्या यासाठी की लायसोझाइम वाढले ते प्रत्येक पेशीने अधिक बनवल्यामुळे की पेशीच अधिक झाल्यामुळे, हे एरवी कळत नाही. पाण्याचे तापमान सर्व टाक्यांत सारखे ठेवायचे आणि नमुने घेण्याची वेळही बदलायची नाही. मास स्पेक्ट्रोमेट्रीचा निकाल येईपर्यंत विसाच्या रेघेला तक्त्यात फक्त ‘दुसरे विकर’ असे म्हटले आहे.